जादाचा दात: घरच्या मोजणीपासून टाके निघेपर्यंत

तिसरीतला मुलगा. वरचा उजवा मोठा दात येऊन वर्ष होत आलेलं, डावीकडे मात्र दुधाचाच दात, तोही घट्ट. आजीचं म्हणणं, "याच्या बापाचेही उशिराच आले होते." आईला ते पटत नव्हतं, कारण शाळेच्या फोटोत मुलगा ओठ मिटून उभा राहायला लागला होता. एक्स-रे काढला तर डाव्या कायमच्या दाताच्या वाटेत, टाळूच्या बाजूला, अर्ध्या शेंगदाण्याएवढा एक पिंपाच्या आकाराचा दात आडवा बसलेला. अडलेला कायमचा दात यायला तयार होता, पण दार बंद होतं.

मी लहान मुलांचे दात बघतो, आणि ही गोष्ट थोड्याफार फरकाने दर काही महिन्यांनी माझ्या खुर्चीत येऊन बसते. कायमच्या दातांच्या बाबतीत शंभरात साधारण एक ते तीन जणांना जादाचा दात असतो. मुलांमध्ये हे प्रमाण मुलींच्या दुपटीच्या आसपास आहे. बहुतेक वेळा तो वरच्या जबड्यात, अगदी मधोमध, दोन मोठ्या पटाशीच्या दातांच्या आसपास असतो. मधल्या रेषेतल्या या दाताला आम्ही मेसिओडेन्स म्हणतो. यातले जेमतेम चौथा हिस्सा दात आपण होऊन तोंडात उगवतात, बाकीचे हाडातच राहतात. म्हणून 'जादाचा दात दिसत नाही' याचा अर्थ 'तो नाही' असा घेऊ नका. तो दिसत नाही, त्याने केलेले उद्योग दिसतात.

पहिली पायरी: टॉर्च, चमचा आणि मोजणी

मुलाला खिडकीसमोर बसवा, डोकं तुमच्या मांडीवर ठेवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला करा. आता एकेक पाव जबडा मोजायचा: मधल्या रेषेपासून मागे. दुधाचे दात प्रत्येक पाव जबड्यात पाच, म्हणजे एकूण वीस. दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा. समोरच पटाशीचे तीन आले तर पुन्हा मोजा.

दुधाच्या दातांत जादाचा दात तसा क्वचित, हजारात तीन ते आठ मुलांना. पण तो बहुधा शेजारच्या दातासारखाच दिसतो आणि रांगेत नीट बसतो, म्हणून आई-वडीलच काय, डॉक्टरही चुकतात. असा दात सहसा काढावा लागत नाही. मात्र तो सापडला तर त्याच जागी कायमच्या दातांतही जादाचा असण्याची शक्यता वाढते, म्हणून वहीत लिहून ठेवा आणि सहाव्या-सातव्या वर्षी एक्स-रेची आठवण ठेवा.

मोजताना दोन ठिकाणी फसायला होतं. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक मोठी दाढ येते. ती कोणाच्या जागी येत नाही, कुठला दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ पालक तिलाच 'जादाची दाढ' समजतात. ती कायमची दाढ आहे, तिला जपा. दुसरं ठिकाण म्हणजे जुळा दात. दोन दात एकमेकांना चिकटून एक रुंद दात दिसतो. तो एक मोजायचा की दोन, हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

दुसरी पायरी: डावं-उजवं

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मुलांचे दात लवकर येतील, उशिरा येतील, पण डावीकडे आणि उजवीकडे ते जवळजवळ जोडीने येतात. खालचे मधले दोन सहाव्या-सातव्या वर्षी, वरचे मधले दोन सातव्या-आठव्या वर्षी, त्यांच्या शेजारचे वरचे दोन आठव्या-नवव्या वर्षी. सगळंच वेळापत्रक सहा महिने मागे असेल तर मी काळजी करत नाही. 'बापाचेही उशिरा आले' हे तिथे खरं असू शकतं. एका बाजूचं वेळापत्रक मात्र खानदानामुळे मागे पडत नाही.

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली तरी एक्स-रे काढायचा:

- एका बाजूचा वरचा मधला दात येऊन सहा महिने झाले, दुसऱ्या बाजूचा पत्ता नाही.
- खालचे मधले दात येऊन वर्ष उलटलं, वरचे दोन्ही नाहीत.
- वरच्या मधल्या दातांच्या आधी त्यांच्या शेजारचे आले. हा क्रमच उलटा आहे.
- समोरचा दात पिळवटल्यासारखा, तिरका किंवा फार पुढे-मागे उगवला आहे.
- टाळूवर समोरच्या दातांमागे टोकदार काहीतरी बाहेर आलंय, किंवा हिरडीवर कठीण फुगवटा लागतो.

एक चौकशी मात्र न विसरता करा: लहानपणी त्या जागी मार लागला होता का? दुधाचा दात आत घुसण्याइतका मार लागला असेल तर त्याच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताचं मूळ वाकडं होऊन तोही अडकतो. वरून चित्र तेच दिसतं, उपाय वेगळा.

आणि फट? समोरच्या दोन दातांत फट असलेलं माणूस नशीबवान, असं आपल्याकडे म्हणतात, आणि मीही त्या म्हणण्यावर पाणी ओतत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वरच्या दातांत थोडी फट असतेच. दात पंख्यासारखे पसरलेले दिसतात, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरताना ती बरीचशी आपोआप बंद होते. डेंटिस्ट या काळाला 'अग्ली डकलिंग स्टेज' म्हणतात. नाव कुरूप असलं तरी अवस्था निरोगी आहे. फट फार रुंद असेल किंवा दोनांतला एक दात फिरलेला असेल, तर मात्र नशिबावर न सोडता मधे कोणी बसलंय का ते बघून घ्यावं.

'दातावर दात' म्हणजे जादाचा दात नव्हे

माझ्याकडे 'एक्स्ट्रा दात आलाय' म्हणून धावत आणलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना जादाचा दात नसतोच. सहा वर्षांचं मूल, खालचे दुधाचे दात अजून जागेवर, आणि त्यांच्या मागे जिभेच्या बाजूला नवे दोन दात. घरात म्हणतात 'दातावर दात आला'. हे नवे दात कायमचे आहेत आणि त्यांची जागा पुढचे अडवून बसलेत. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला जिभेने, बोटाने हलवू द्या, गाजर-काकडी चावू द्या. जीभच मागच्या दाताला हळूहळू पुढे आणते. हलतच नसेल किंवा दोन-तीन महिने काही बदल नसेल तर दुधाचा दात काढून घ्या.

वरच्या जबड्यात असं घडलं तर मी एवढा निवांत नसतो. मागून आलेला वरचा दात खालच्या दातांच्या मागे अडकून बसू शकतो, तेव्हा लवकर दाखवा.

जन्मतःच तोंडात दात दिसला तर घरात कुजबुज होते. वरचे दात आधी आले की मामावर संकट, ही समजूत तर अजूनही ऐकू येते. मामाला काही होत नाही. जन्मतः दिसणारे दात बहुतेक नेहमीचेच दुधाचे दात असतात, फक्त घाईने आलेले. ते उपटले तर ती जागा पहिली दुधाची बत्तिशी... नव्हे, विशी पूर्ण होईपर्यंत आणि पुढेही रिकामी राहते. फार हलत असेल आणि गिळला जाण्याची, श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल, किंवा अंगावर पिताना त्रास होत असेल, तर डॉक्टर ठरवतील.

तिसरी पायरी: कोणाकडे, आणि कोणता एक्स-रे

शक्यतो बालदंतरोगतज्ज्ञाकडे जा, ज्यांना पेडोडॉन्टिस्ट म्हणतात. जवळ नसेल तर तुमच्या नेहमीच्या डेंटिस्टपासून सुरुवात करा, ते पुढे पाठवतील. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज, इथे मुलांच्या दातांचे स्वतंत्र विभाग आहेत. रांग असते, डबा घेऊन जा. शाळेत किंवा अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक (२०१३ मध्ये पालघरमधूनच त्याची सुरुवात झाली) दातांचीही तपासणी करतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तराच्या तळाशी राहू देऊ नका.

एक्स-रेची भीती मोठी असते, म्हणून आकडे सांगतो. तोंडात छोटी फिल्म ठेवून काढलेल्या एका एक्स-रेतून मुलाला मिळणारा किरणोत्सर्ग साधारण तेवढाच, जेवढा आपल्याला निसर्गातून, जमिनीतून, हवेतून, आकाशातून एका दिवसात मिळतो. संपूर्ण जबड्याचा ओपीजी म्हणजे असे दोन-चार दिवस. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, याहून बराच जास्त. म्हणून तो सरसकट नको. शस्त्रक्रिया ठरली आणि साध्या एक्स-रेवरून जागा नक्की कळत नसेल तरच, आणि तोही फक्त तेवढ्या लहान भागाचा.

आता थोडं आत शिरू, कारण जादाचा दात 'आहे' हे कळणं सोपं आणि 'कुठे आहे' हे कळणं अवघड. एक्स-रे सपाट असतो. दात ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे त्यात दिसत नाही, आणि सर्जनने हिरडी कुठून उघडायची ते त्यावरच ठरतं. यासाठी एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. त्याच जागेचे दोन एक्स-रे काढायचे, दुसऱ्या वेळी मशीनची नळी थोडी बाजूला सरकवून. एसटीच्या खिडकीत बसल्यावर जवळची झाडं मागे पळतात आणि चंद्र तुमच्यासोबत येतो ना, तेच इथे घडतं. लांबची वस्तू बघणाऱ्याच्या बरोबर सरकते. नळी गालाबाहेर असते, टाळू तिच्यापासून लांब. म्हणून जादाचा दात नळीच्याच दिशेने सरकलेला दिसला तर तो टाळूच्या बाजूला, उलट दिशेने सरकला तर ओठाच्या बाजूला. ही पद्धत क्लार्क यांनी १९१० मध्ये मांडली, आजही तीच कामी येते. घरी दोन बोटं एकामागे एक धरून डोकं हलवून बघा. मी मुलांना हा खेळ दाखवतो, मग ती दुसऱ्या एक्स-रेला कुरकुर करत नाहीत.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीचा फक्त ओपीजी बघून एक जादाचा दात काढायला पाठवला. तो निघाला. आठ महिने गेले, अडलेला दात जागचा हलला नाही. मग छोटी फिल्म काढली, तर पहिल्याच्या शेजारी दुसरा बसलेला. त्या मुलीला दुसऱ्यांदा टाके पडले, ते माझ्या घाईमुळे. ओपीजीत जबड्याचा एक ठरावीक पट्टाच स्पष्ट येतो, आणि समोरच्या भागात मानेच्या मणक्यांची सावली पडते. टाळूकडे सरकलेला दात त्यात पुसट होतो किंवा दिसतच नाही. शिवाय पिंपासारखे जादाचे दात बरेचदा जोडीने असतात. तेव्हापासून ओपीजी काढला तरी समोरच्या भागाची वेगळी फिल्म घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुम्हीही विचारा: "समोरचा वेगळा एक्स-रे काढलाय ना? एकच आहे ना?"

तो कसा दिसतो, यावर बरंच ठरतं

सुळक्यासारखा, टोकदार: सगळ्यात जास्त आढळणारा. हा शेजाऱ्यांना ढकलतो, फिरवतो, फट पाडतो, पण सहसा वाट पूर्ण अडवत नाही. कधी तो उलटा, टोक नाकाकडे करून असतो.

पिंपासारखा, दोन-तीन उंचवट्यांचा: सहसा टाळूच्या बाजूला, स्वतः क्वचितच उगवतो आणि कायमच्या दातालाही उगवू देत नाही. वर सांगितलेल्या तिसरीतल्या मुलाचा हाच.

नेहमीच्या दातासारखा हुबेहूब: बहुधा वरच्या दुसऱ्या पटाशीच्या दाताची नक्कल. यात गंमत अशी की काढायचा कोणता, हा प्रश्न पडतो. ज्याचा आकार, मूळ आणि जागा चांगली, तो ठेवायचा; खरा कोण आणि नक्कल कोण याला महत्त्व नाही.

ओडोन्टोमा: दातांच्याच द्रव्याची गाठ, कधी तिच्यात इवले इवले दात भरलेले. बहुतेक गाठी वाटाण्याएवढ्या असतात, पण २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका तरुणाच्या जबड्यातून २३२ दातसदृश तुकडे काढले होते, ती याच जातीची गाठ. ही बातमी वाचून दरवर्षी कोणीतरी घाबरून येतंच.

पुढच्या भागाखेरीज इतरत्रही बरेच जादाचे दात सापडले तर मात्र विचार दातांपुरता ठेवू नये. मुलाला दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ टेकवता येतात का, हे आम्ही विचारतो. गळपट्टीचं हाड नीट तयार न होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, क्लिडोक्रेनियल डिस्प्लेजिया, त्यात जादाचे दात ढिगाने असतात. दुभंगलेला ओठ-टाळू असलेल्या मुलांतही त्या फटीजवळ जादाचे दात सापडतात.

चौथी पायरी: काढायचा की ठेवायचा, आणि कधी

जादाचा दात दिसला की काढलाच पाहिजे असं नाही. तो खोल, उलटा, कोणाच्या वाटेत नाही, भोवती पाणी भरलेली पिशवी नाही, शेजारच्या मुळाला धक्का नाही, पुढे त्या भागात तारा लावायच्या नाहीत, तर त्याला राहू द्यावं आणि ठरावीक काळाने एक्स-रे काढून नजर ठेवावी. खणून काढताना शेजारच्या चांगल्या दाताचं नुकसान झालं तर काय मिळवलं?

काढायचा असेल तर वेळ साधावी लागते. मधल्या कायमच्या दाताचं मूळ दहाव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होतं. पाचव्या वर्षी घाई केली तर ते कोवळं मूळ दुखावू शकतं, शिवाय मूल सहकार्यही करत नाही. दहाव्या वर्षापर्यंत थांबलं तर मूळ तयार झालेलं असतं, आणि मूळ तयार झालं की दाताचा वर येण्याचा जोर ओसरतो. मधल्या काळात शेजारचे दात कलून जागाही खातात. वाट अडवणारा दात मी साधारण सात-आठ वर्षांच्या दरम्यान काढावा या मताचा आहे. काही सर्जन थोडं थांबायला सांगतील, त्यांचंही चुकीचं नाही. प्रत्येक एक्स-रे वेगळा असतो. योग्य वेळी काढला तर चारांपैकी साधारण तिघांचा अडलेला दात आपण होऊन खाली येतो. तोंडात उगवलेला टोकदार दात काढणं तर पाच मिनिटांचं काम, त्याला वाट बघायला नको.

सही करण्याआधी हे विचारून घ्या: तो शेजारच्या मुळापासून किती लांब आहे? हिरडी कुठून उघडणार? भूल कोणती, आणि पूर्ण भूल असेल तर भूलतज्ज्ञ मुलांच्या सवयीचे आहेत का? अडलेला दात फार वर असेल तर त्याच वेळी त्याला खाली ओढायची साखळी (ती सहाव्या पायरीत येते) चिकटवणार का?

पाचवी पायरी: तो दिवस

समजूतदार आठ वर्षांच्या मुलाचं काम बरेचदा हिरडी बधिर करून, गरज पडली तर नाकावाटे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे मुलाला शांत करणारा वायू, देऊन होतं. दात खोल असेल किंवा मूल फार घाबरट असेल तर पूर्ण भूल. तेव्हा जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. 'एक बिस्कीट खाल्लं तर काय होतंय' असं म्हणून आजोबांनी दिलेलं बिस्कीट लपवू नका. भुलेत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. सांगितलं तर फार तर तारीख पुढे जाईल.

टाळूची कातडी पाकिटाच्या झाकणासारखी उचलतात, वरचं थोडं हाड काढतात, दात सोडवतात, झाकण परत ठेवून टाके घालतात. समोरच्या दातांमागचा टाळूचा भाग नंतर काही दिवस, कधी काही आठवडे बधिर राहतो. जेवण जाणवत नाही म्हणून मुलं तक्रार करतात. ते बहुतेक आपोआप परततं.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन तास डोळ्यात तेल घालून बसा, आणि ते टाक्यांसाठी नव्हे. बधिर ओठ मूल चघळत बसतं. संध्याकाळी ओठ सुजून वडा होतो आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशन बिघडलं. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, कारण जखमेवरची गुठळी निघते. थंड दूध, गार केलेली पेज, मऊ दहीभात, आईस्क्रीम चालेल. चिवडा, चकली, कुरमुरे आठवडाभर डब्यात राहू द्या. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाने. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही. हळद, तुरटी, लवंगेचं तेल, मिश्री, यातलं काहीही जखमेवर लावू नका. बाकीचे दात मात्र रात्री घासायचेच.

थोडी सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते. दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप येत असेल, किंवा तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच असेल, तर फोन करत बसू नका, घेऊन या. टाके आठवड्याने काढतात किंवा आपोआप विरघळतात.

सहावी पायरी: वाट बघणं

हा टप्पा सगळ्यात लांब. दात दुसऱ्या दिवशी डोकं वर काढत नाही. कधी दीड-दोन वर्षंही लागतात. पण वाट बघणं म्हणजे विसरणं नव्हे. दर तीन-चार महिन्यांनी दाखवा. सहा महिने ते वर्ष या काळात काहीच हालचाल नसेल तर हिरडी उघडून, दाताला बटणासारखा तुकडा चिकटवून, सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक साखळीने त्याला हळूहळू खाली ओढतात. हे ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाचं काम. साखळी सोन्याची म्हटल्यावर मुलं वर्गात सांगत सुटतात, आणि एका मुलाने ती 'हरवू नये म्हणून' आठवडाभर ब्रशच केला नव्हता. जागाच उरली नसेल तर आधी तारा लावून जागा करावी लागते.

मुलाला धाकटं भावंड असेल तर पुढच्या भेटीला त्यालाही आणा. हे कुटुंबांत चालतं. आणि काढलेला दात हवा असेल तर आधी सांगून ठेवा, धुऊन डबीत मिळतो. तो कौलावर टाकायचा की शाळेत दाखवायचा, हे मुलाला ठरवू द्या. एक्स-रे मात्र तारखेसकट फाइलला लावून ठेवा, डिजिटल असतील तर मूळ फाइल मागून घ्या. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरताना ऑर्थोडॉन्टिस्ट पहिली मागणी त्याचीच करतात, आणि व्हॉट्सॲपवरच्या धूसर फोटोत मूळ मोजता येत नाही.